वाट कोणीं कोणाला द्यावी?

माणसाचा स्वभाव कोठें ओळखावा याविषयीं मतें निरनिराळीं आहेत. कोणी म्हणतात प्रवासांत ओळखावा, कोणी म्हणतात पंगतीला बसल्यावर ओळखावा. मला विचाराल तर मी म्हणेन, अरुंद वाटेवर ओळखावा. आमच्या लहानपणीं पुण्याच्या जुन्या पेठांतून असे बोळ असत कीं समोरून छत्री उघडलेला गृहस्थ आला म्हणजे दोघांपैकीं एकानें भिंतीला पाठ लावल्यावांचून गत्यंतर नसे. कोणी दुरूनच थांबून वाट देई; कोणी समोर माणूस नाहींच अशा थाटानें पुढें येई; आणि कोणी दोघे इतके भिडस्त निघत कीं दोघेहि एकदम बाजूला सरत, दोघेहि एकदम पुढें येत, आणि अखेर दोघांनाहि हसूं येई. बोळ रुंद असता तर या तिघांतला भेद कळण्याचें कांहींच कारण नव्हतें.

या बोळांची मला पुन्हां आठवण झाली ती सातासमुद्रांपलीकडे, कॅलिफोर्नियांत. गेलीं कांहीं वर्षें हिवाळ्याचे चार महिने आम्ही उभयतां चिरंजीवांकडे सॅन होझे शहराच्या परिसरांत काढतों. शहराच्या पूर्वेस डोंगरांच्या पायथ्याशीं अॅलम रॉक नांवाचें उद्यान आहे. तें १८७२ सालीं स्थापन झालें. कॅलिफोर्नियांतील सर्वांत जुन्या नगर-उद्यानांत त्याची गणना होते आणि त्याचा विस्तार ७२० एकर आहे. उद्यान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कारंजें, बांक आणि "फुलें तोडूं नयेत" अशी पाटी उभी राहते. तिकडचीं अशीं उद्यानें म्हणजे शहराच्या कुशींत राखून ठेवलेले सबंध डोंगरच. त्यांतून मातीच्या वाटा जातात आणि त्या वाटांवर तीन प्रकारची प्रजा हिंडते: पायीं चालणारे, घोड्यावर बसणारे आणि जाड टायरांच्या डोंगरी सायकलींवर धांवणारे.

या वाटांच्या तोंडाशीं बहुधा एक पिवळी त्रिकोणी पाटी असते. तिच्या तीन कोपऱ्यांत घोडेस्वार, पादचारी आणि सायकल अशीं तीन चित्रें असून मधून बाण काढलेले असतात. अर्थ इतकाच कीं सायकलवाल्यानें इतर दोघांना वाट द्यावी, पादचाऱ्यानें घोड्याला द्यावी आणि घोड्यानें कोणालाच देऊं नये. प्रथम ही पाटी पाहिली तेव्हां मला तें थोडें राजेशाही थाटाचें वाटलें. लोकशाहीच्या या माहेरघरीं घोड्यावर बसणाऱ्याचा एवढा मान कां? पण ज्या घोड्यासाठीं हा नियम केला आहे त्याचा स्वभाव कळल्यावर माझी शंका फिटली.

घोडा हें मूळचें भक्ष्य होणारें जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें जवळजवळ सभोंवारचें सारें त्याला दिसतें. न दिसणाऱ्या जागा दोनच, एक कपाळाच्या अगदीं समोर आणि दुसरी नेमकी पाठीमागें. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊं नये असें आपल्याकडे म्हणतात. त्यांतला साहेब गेला, पण घोड्याविषयींचा भाग आजहि शास्त्रास धरून आहे. घोड्याला पुढून चालत येणारा माणूस कळतो, कारण माणसाची चाल आणि माणसाचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. सायकल मात्र त्याला मोठें कोडें असते. तिला पाय नाहींत, टापा नाहींत, चालण्याचा आवाज नाहीं. ती वळणाआडून एकदम प्रकट होते आणि वाघासारखी जमिनीलगत अंगावर येते. अशा वेळीं साडेचारशें-पांचशें किलो वजनाचें तें जनावर विचार करीत बसत नाहीं. तें आधीं पळतें.

हें मला पुस्तकांतून कळलें असतें तर बरें झालें असतें. तें कळलें तें आमच्या नातीच्या पडण्यानें. ती चौदा वर्षांची आहे. घराजवळच्या एका तबेल्यांत ती शनिवारीं घोड्यांची मालीश आणि झाडलोट करते आणि त्याच्या मोबदल्यांत तिला एका तपकिरी घोडीवर बसावयास मिळतें. गेल्या वर्षीं माघांत, जवळच्याच एका उद्यानांतील उतरत्या वाटेवर, मागून एक मुलगा सायकलीवरून वळण घेऊन आला. घोडी बुजली, आडवी उडाली आणि नात खालीं आली. डोक्यावर शिरस्त्राण होतें म्हणून केवळ हांसळीच्या हाडावर निभावलें. सायकलवाला पळून गेला नाहीं. सतरा-अठरा वर्षांचें तें पोर सायकल टाकून धांवत आलें, त्यानेंच दूरध्वनि केला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिच्याजवळ बसून होता. त्याचे हात तिच्यापेक्षां अधिक थरथरत होते, असें मागाहून तीच सांगत होती.

आतां गंमत पाहा. आमचे चिरंजीव स्वतः डोंगरी सायकलीचे भक्त. आठवडाभर संगणकापुढें वांकलेली पाठ रविवारीं त्या उतारांवर सरळ होते, असें ते म्हणतात. त्यामुळें अपघात डोंगरांत झाला आणि दोन पक्ष आमच्या जेवणाच्या टेबलाभोंवतीं उभे राहिले. सूनबाईंचें म्हणणें, त्या वाटेवर सायकलींना बंदी झालीच पाहिजे आणि ती होईपर्यंत मुलगी खोगिरावर बसणार नाहीं. चिरंजीवांचें म्हणणें, एका वळणासाठीं हजारों माणसांची वाट बंद करणें हा न्याय नव्हे. त्याच सुमारास नगरसमितीपुढें त्या वाटेचा प्रश्न आलाच होता, त्यामुळें घरांतील वादाला सरकारी तारीखहि मिळाली. दोघांनींहि आवाज चढविला नाहीं. आवाज चढविला असता तर मला इतकी काळजी वाटली नसती. चिरंजीवांनीं सायकल गॅरेजच्या आढ्याला टांगून ठेवली, सूनबाईंनीं नातीचे बूट कपाटांत घातले, आणि घरांत "भाजी वाढूं का?" यापलीकडे संभाषण उरलें नाहीं. एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांना असली शांतता किती जड असते हें सांगावयास नको.

माझी स्थिति मोठी अवघड होती. मी पाटबंधारे खात्यांतला पेन्शनर. उमेदवारीचीं वर्षें कालव्याच्या कांठच्या रस्त्यावर सायकल मारण्यांत गेलीं. म्हणजे जातीचा सायकलवाला. पण नातीचा गळ्यांत अडकविलेला हातहि डोळ्यांसमोर होता. तेव्हां मत देण्याचें टाळून मी हा प्रश्न इतरांनीं कसा सोडविला हें शोधूं लागलों.

शोधतां असें दिसलें कीं भांडण नवें असलें तरी फार नवें नाहीं. डोंगरी सायकलीचा जन्म याच प्रांतांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन परगण्यांत झाला. तेथील कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या जड सायकली घेऊन डोंगरावरून खालीं येण्याच्या शर्यती लावीत. फेअरफॅक्स गांवाजवळची अशी पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं झाली. तिला 'रीपॅक' असें नांव पडलें, कारण एका उतरणींत ब्रेक इतका तापे कीं चाकाच्या तुंब्यांतलें सारें ग्रीस जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे. त्यांच्यांतीलच गॅरी फिशर आणि चार्ल्स केली यांनीं १९७९ सालीं अशा सायकलींचा धंदा काढला, १९८१ मध्यें कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघालेली सायकल बाजारांत आली, आणि पाहतां पाहतां डोंगरांत चाकें फिरूं लागलीं. ज्या वाटांवर तोंवर टापा आणि पावलें एवढेच आवाज होते त्या वाटांवर तंटे सुरू झाले. पुष्कळ अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हां सायकलवाल्यांनींहि १९८८ सालीं आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि स्वतःसाठीं वाटेचे नियम लिहून काढले. बंदीच्या भीतीनें कां होईना, शिस्त आली.

निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे तोडगे निघाले. लॉस एंजलिसचें ग्रिफिथ पार्क चार हजारांहून अधिक एकरांचें आहे; तेथें मातीच्या वाटा पायांना आणि घोड्यांना मोकळ्या, सायकलीनें डांबरी रस्त्यावरच राहावें असा दंडक आहे. इंग्लंडांत याच्या उलट. तेथें घोड्यांच्या वाटांवर सायकलवाल्यांना कायद्यानें प्रवेश मिळाला तो १९६८ सालीं, पण एका अटीवर: पादचारी आणि घोडेस्वार यांना त्यांनीं वाट दिली पाहिजे. हक्क आणि कर्तव्य एकाच कलमांत बांधून देण्याची ही तऱ्हा मला फार आवडली. टाहो सरोवराच्या डोंगरांत एका वाटेच्या कांहीं भागावर सायकलींना केवळ सम तारखेस जातां येतें. हें वाचून दाखवितांच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "यांत नवल तें काय? आमच्या वाड्यांत सात बिऱ्हाडें आणि नळ एक. आम्हीं वेळा वांटून घेतल्या होत्या. तेव्हां कोणी समिति नेमली नव्हती." मीं निमूटपणें चष्मा पुसला.

समितीची सभा खुली होती. मी जाऊन मागच्या बांकावर बसलों. तेथें प्रत्येकास तीन मिनिटें मिळतात आणि वेळ संपली कीं दिवा लागतो. आपल्याकडील वक्त्यांना या दिव्याचा पुरवठा व्हावयास हवा. सत्तरी उलटलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "माझे गुडघे गेले आहेत. डोंगरमाथा पाहावयाचा तर मला घोड्याच्याच पायांनीं जाणें भाग आहे. तो विश्वास गेला तर माझा डोंगर गेला." तिच्यामागून एक तरुण उभा राहिला. तो म्हणाला, "घोडा बाळगण्याची माझी ऐपत नाहीं. जुनी सायकल आहे. उद्यान माझ्याहि करांतून चालतें." तिसरा म्हणाला, मला दोघांचीहि भीति वाटते, पण माझ्या बाजूनें बोलणारें कोणी दिसत नाहीं. कोणी सांगितलें, टापांनीं ओल्या वाटेचा चिखल होतो. कोणी सांगितलें, चाकांनीं चर पडतात आणि त्यांतून माती वाहून जाते. या शेवटच्या मुद्द्यावर मात्र माझ्यांतला पाटबंधारेवाला जागा झाला. माती वाहून नेतें तें पाणी. वाट अशी आंखावी कीं तिच्यावर पडलेलें पाणी उताराच्या अंगाला लगेच निघून जावें. मग टापा काय आणि चाकें काय, दोन्ही सोसतात. पाणी वाटेनेंच धांवूं लागलें तर अनवाणी पावलेंहि तिचा ओढा करतील.

सभेंतून परततांना माझ्या ध्यानांत आलें तें असें कीं खोटें कोणीच बोलत नव्हतें. त्या बाईचा डोंगर खरा होता आणि त्या तरुणाचा करहि खरा होता. दोन खोट्यांचा निवाडा सोपा असतो. दोन खऱ्यांचा कठीण.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत वाट कोणाला द्यावी याची एक यादी आहे. रथांत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, डोक्यावर ओझें असलेला, स्त्री, स्नातक, राजा आणि वर, अशांना वाट द्यावी. शाळेंत असतांना मला ही केवळ मानाची यादी वाटे. या खेपेस ती निराळ्या नजरेनें वाचली. राजा आणि स्नातक सोडले तर बाकीच्यांपैकीं बहुतेकांना एकच अडचण आहे: त्यांना बाजूला सरणें कठीण जातें. रथ एकदम वळत नाहीं, ओझेंवाला वांकूं शकत नाहीं, म्हातारा आणि आजारी यांना पाऊल बदलावयास वेळ लागतो. गंमत अशी कीं या यादींत चाकावरचा पहिला आहे आणि त्या पिवळ्या पाटींत चाकावरचा शेवटचा; पण तत्त्व मात्र एकच आहे. त्या काळचें चाक थांबविणें अवघड होतें, आजचें चाक दोन बोटांनीं थांबतें. श्रेष्ठ कोण हा प्रश्न ती पाटी विचारीतच नाहीं. थांबणें कोणाला सोपें आणि चुकल्यास इजा कोणाकडून अधिक, एवढेंच ती पाहते. इंग्लंडच्या रहदारीच्या नियमावलींत २०२२ सालीं हेंच तत्त्व मांडलें गेलें: ज्याच्याकडून अधिक इजा होऊं शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी. त्यांतच मोटारीनें घोड्याजवळून जातांना वेग ताशीं दहा मैलांच्या आंत ठेवावा आणि निदान दोन मीटर अंतर सोडावें असें सांगितलें आहे.

मीं हें सारें घरीं सांगितलें. चिरंजीवांनीं ऐकून घेतलें, सूनबाईंनींहि ऐकून घेतलें, आणि दोघांनींहि तें दुसऱ्यास उद्देशून आहे असें मानलें. कोंडी फोडली ती नातीनें. एके रात्रीं ती म्हणाली, "आजोबा, घोडीची चूक नाहीं आणि त्या मुलाचीहि नाहीं. चूक त्या वळणाची आहे. तिथें झुडूप आहे. त्याला मी दिसले नाहीं आणि घोडीला तो दिसला नाहीं." चाळीस वर्षें नकाशे आंखणाऱ्या माणसाला एका चौदा वर्षांच्या मुलीनें जागेवरचा खरा दोष दाखविला. दुसऱ्या दिवशीं सूनबाई, चिरंजीव आणि मी, तिघेहि जाऊन तें वळण पाहून आलों. जातांना गाडींत कोणी बोललें नाहीं. येतांना झुडूप किती फूट छाटावें यावर नवराबायकोंचा वाद लागला. मला हायसें वाटलें. भांडण पुन्हां बोलूं लागलें होतें.

पुढें त्या तबेल्याच्या चालकांनीं एक चांगली गोष्ट केली. त्यांनीं कांहीं सायकलवाल्यांना आपल्या आवारांत बोलाविलें. तो मुलगाहि आला. आधीं सायकली नुसत्या कुंपणाला टेकून ठेवल्या, मग घोड्यांना त्या हुंगूं दिल्या, मग हळूहळू त्यांच्यासमोरून आणि शेवटीं मागून फिरविल्या. सायकलवाल्यांना जें शिकविलें तें फार थोडें आणि फार सोपें होतें. घोडा दिसतांच थांबावें. उताराच्या अंगाला उभें राहावें, कारण वरच्या अंगाची आकृति घोड्याला शिकारी जनावरासारखी भासते. झाडाआड लपूं नये. आणि सर्वांत मुख्य म्हणजे बोलावें. "नमस्कार, मी मागून येत आहें" इतके शब्द पुरतात. आवाज ऐकतांच घोड्याचे कान वळतात आणि त्या विचित्र प्राण्याच्या आंत माणूस आहे हें त्याला उमगतें. मॅरिनमध्यें, जेथें हा सारा तंटा उपजला, तेथेंहि घोडेस्वार, सायकलवाले आणि पादचारी यांच्या मंडळींनीं मिळून "हळू जा आणि हॅलो म्हणा" अशी मोहीम चालविली आणि सायकलींना घंटा वाटल्या.

समितीनें त्या वाटेवर एका वर्षाचा प्रयोग करण्याचें ठरविलें. सायकलींनीं ती वाट केवळ चढावी, तिच्यावरून उतरूं नये. वळणावरचीं झुडपें काढावीं. आणि वळणाच्या आधीं दोन मोठे दगड असे बसवावे कीं चाकास आपोआप मंद व्हावें लागेल. दोन्ही पक्ष थोडे थोडे नाराज आहेत. नात पुन्हां खोगिरावर बसूं लागली आहे. सूनबाई तिला सोडावयास जातात आणि परत येईपर्यंत गाडींतच बसून असतात. त्यांना "भिऊं नका" असें सांगण्याचें धाडस आमच्यापैकीं कोणी केलेलें नाहीं, आणि करूंहि नये. चिरंजीवांची सायकल आढ्यावरून खालीं आली आहे. तिला एक पितळी घंटा बसली आहे. ती कोणीं आणली याची चौकशी मीं केली नाहीं, पण ती खरेदी करतांना किंमत पाहून "अगबाई!" असें कोण म्हणालें असेल याचा मला तर्क आहे.

आमचें पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. त्या काळीं बिनदिव्याची सायकल पोलीस अडवीत, आणि घंटा नसलेली सायकल चालविणें म्हणजे पायांत वहाणा न घालतां कचेरींत जाण्यासारखें वाटे. आतां आपल्याहि टेकड्यांवर पहाटे डोंगरी सायकली दिसूं लागल्या आहेत. त्यांना गिअर पुष्कळ असतात, घंटा नसते. टेकडीवर काठी टेकीत जाणारे माझ्या वयाचे लोक घोड्यासारखे उधळत नाहींत हें खरें, पण दचकतात तितकेच, आणि आमचींहि हाडें आतां लवकर सांधत नाहींत. तरुण वाचकांस माझी एवढीच विनंति आहे कीं मागून येतांना चार पावलें आधीं कांहीं तरी बोलावें. काय बोलावें याचा फार विचार करूं नये. आम्हां म्हाताऱ्यांना बहुधा तेवढेंच ऐकावयाचें असतें, आणि ऐकूं आलें कीं आम्ही आपण होऊनच बाजूला होतों.